विश्लेषण : सर्व्हर जळाला, बॅकअपचे काय? लहान-मोठ्या व्यवसायांना ‘डिझास्टर रिकव्हरी’ का हवी?

दक्षिण कोरियातील एका सरकारी डेटा सेंटरला सप्टेंबर २०२५ मध्ये आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांचा ८५८ टेराबाइट डेटा नष्ट झाला. त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. इतकी ढोबळ चूक रोज होत नाही. बहुतेक कंपन्या, रुग्णालये, बँका, दुकाने बॅकअप घेतच असतात. मात्र तो बॅकअप परत आणता येतो का आणि आणायला किती वेळ लागतो, हे अनेकदा संकट कोसळल्यावरच कळते. बॅकअप का फसतो, तो कुठे ठेवावा आणि सर्व्हर बंद पडल्यास व्यवसाय पुन्हा कसा उभा करावा, याविषयी...

दक्षिण कोरियात नेमके काय घडले?

दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय माहिती संसाधन सेवेचे मुख्यालय देजॉन शहरात आहे. अनेक मंत्रालयांचे सर्व्हर याच इमारतीत होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी रात्री पाचव्या मजल्यावरील यूपीएसच्या लिथियम-आयन बॅटऱ्या तळघरात हलवण्याचे काम सुरू असताना आग लागली. ३८४ बॅटऱ्या जळाल्या. आग पूर्ण विझवायला सुमारे २२ तास लागले. खबरदारी म्हणून सर्व यंत्रणा बंद कराव्या लागल्या. बंद पडलेल्या प्रणालींची संख्या सुरुवातीला ६४७ सांगितली गेली, नंतरच्या मोजणीत ती ७०९ निघाली. मोबाइल ओळखपत्र, टपाल खात्याची बँकिंग सेवा, नागरिकांसाठीचे सरकारी पोर्टल असे सारेच ठप्प झाले. त्यातील ९६ प्रणाली प्रत्यक्ष आगीत जळाल्या.

जळालेल्या प्रणालींमध्ये ‘जी-ड्राइव्ह’ हा सरकारी क्लाउडही होता. कामाच्या फाइल कार्यालयातील संगणकावर न ठेवता इथेच ठेवाव्यात, असे कर्मचाऱ्यांना सांगण्यात आले होते. त्यासाठी प्रत्येकाला ३० जीबी जागा होती. लाखाहून अधिक कर्मचारी तो वापरत होते. त्या केंद्रातील बहुतेक प्रणालींचा बॅकअप रोज त्याच केंद्रातील वेगळ्या यंत्रावर आणि दूरच्या दुसऱ्या ठिकाणीही होत असे. जी-ड्राइव्हचा मात्र होत नसे. साठा फार मोठा असल्याने बाहेर बॅकअप ठेवणे शक्य झाले नाही, असे स्पष्टीकरण देण्यात आले. अंतिम मंजुरी मिळालेले दस्तऐवज दुसऱ्या प्रणालीतही असल्याने ते वाचले. मसुदे, नोंदी, आकडेवारी, अर्धवट राहिलेली कामे मात्र गेली.

विशेष म्हणजे, ऑक्टोबर २०२२ मध्ये पांग्यो येथील खासगी डेटा सेंटरला लागलेल्या आगीने काकाओ ही तेथील लोकप्रिय मेसेजिंग सेवा बंद पडली होती. तेव्हा पर्यायी यंत्रणा नसल्याबद्दल सरकारनेच त्या कंपनीला धारेवर धरले होते.

बॅकअप आणि डिझास्टर रिकव्हरी यांत फरक काय?

बॅकअप म्हणजे डेटाची वेगळी ठेवलेली प्रत. डिझास्टर रिकव्हरी म्हणजे ती प्रत वापरून काम पुन्हा सुरू करण्याची पूर्ण तयारी. एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेबाच्या डेटाची प्रत पेनड्राइव्हमध्ये आहे, पण नवा सर्व्हर कुठून आणायचा, सॉफ्टवेअरचा परवाना कोणाच्या नावावर आहे, पासवर्ड कोणाला माहीत आहे, याचा पत्ता नाही. अशा वेळी डेटा हाताशी असूनही बिल निघत नाही, माल गोदामातून हलत नाही आणि जीएसटी विवरणपत्राची तारीखही उलटून जाते.

म्हणून नियोजनाची सुरुवात यादीने करावी लागते. कोणत्या सर्व्हरवर काय चालते, कोणते काम कशावर अवलंबून आहे, काय बंद पडले तर पहिल्या तासात नुकसान सुरू होते आणि काय आठवडाभर थांबू शकते, हे लिहून काढल्याशिवाय पुढचे ठरत नाही. जी-ड्राइव्हसारखा यादीतून सुटलेला एखादा सर्व्हर बऱ्याच ठिकाणी निघतो. सहसा तो कोपऱ्यातला जुना संगणक असतो आणि त्यावर कोणी तरी कधी तरी महत्त्वाचे काहीतरी ठेवलेले असते.

‘रेड’ किंवा क्लाउड असले की बॅकअप झाला का?

नाही. सर्व्हरमध्ये ‘रेड’ पद्धतीने दोन किंवा अधिक डिस्क जोडलेल्या असतील, तर एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहते. एवढेच त्याचे काम. कोणी चुकून फाइल पुसली, तर ती सर्व डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. फाइल आपोआप क्लाउडवर चढवणाऱ्या सिंक सेवांचेही तसेच. खराब झालेली फाइलही त्या तितक्याच तत्परतेने वर चढवतात. जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय सुरू नसेल, तर चांगली प्रत उरत नाही. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर ठेवला असेल, तर डिस्कबरोबर तोही जातो.

क्लाउडच्या बाबतीत मे २०२४ मधील ऑस्ट्रेलियाचे उदाहरण बोलके आहे. युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचे सहा लाखांहून अधिक सभासद आहेत. गुगल क्लाउडवरील त्यांची खासगी क्लाउड व्यवस्था उभारताना झालेल्या चुकीमुळे पुढे ती व्यवस्थाच काढून टाकली गेली. निधी वाचला तो वेगळा बॅकअप ठेवलेला असल्यामुळे. तरीही सभासदांची सेवा सुरू व्हायला सुमारे आठवडा लागला.

बॅकअप ऐन वेळी का फसतो?

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी सेवा देणाऱ्या गिटलॅब या कंपनीने स्वतःच्या चुकीचा अहवाल जाहीर केला होता. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरच डेटा पुसण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच शिल्लक होते.

त्यानंतर बॅकअप शोधायला सुरुवात झाली. कागदावर पाच वेगवेगळ्या पद्धती होत्या. रोजच्या बॅकअपची जागा रिकामी निघाली. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती आणि डेटाबेसची आवृत्ती जुळत नसल्याने तो रोज अयशस्वी होत होता. अपयश कळवणारे ईमेल पाठवले जात होते, पण ते मेल सर्व्हरच नाकारत होता. त्यामुळे सारे सुरळीत आहे, असाच सर्वांचा समज होता. अखेर एका अभियंत्याने सहा तास आधी वेगळ्या कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट उपयोगी पडला. सेवा सुमारे १८ तास बंद राहिली. सहा तासांतील सुमारे ५ हजार प्रकल्पांच्या आणि ७०० नव्या खात्यांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

लहान कार्यालयांत कारणे याहून साधी असतात. बॅकअपची डिस्क भरलेली असते. ज्या खात्याने बॅकअप चालतो, त्याचा पासवर्ड बदललेला असतो. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केलेली असते, त्यामुळे ती उघडतच नाही. नवे सॉफ्टवेअर वेगळ्या फोल्डरमध्ये बसवलेले असते आणि बॅकअप मात्र जुन्याच फोल्डरचा होत असतो. बॅकअपला लावलेला पासवर्ड ज्या सर्व्हरवर नोंदवला, तोच सर्व्हर बंद पडलेला असतो.

हे दोष वेळीच पकडण्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. रोजच्या बॅकअपचा आकार पाहिला तरी बरेच कळते. काल ४० जीबी आणि आज ४० एमबी असेल, तर काहीतरी बिनसले आहे. अपयशाचा मेल आला नाही म्हणून निर्धास्त राहण्यापेक्षा यशाचा मेल आला की नाही, हे एका नेमलेल्या माणसाने रोज पाहणे अधिक भरवशाचे. तरीही ‘यशस्वी’ या संदेशाचा अर्थ एवढाच, की बॅकअपचे काम संपले. फाइल उघडते का, हे ती उघडूनच कळते.

बॅकअप कुठे ठेवावा?

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचा काही भाग जळाला. जीवितहानी झाली नाही. परंतु काही ग्राहकांचा डेटा आणि त्याचा बॅकअप एकाच ठिकाणी होता. दोन्ही एकाच रात्री गेले. बॅकअपसाठी वेगळे पैसे मोजलेला एक ग्राहक न्यायालयात गेला आणि २०२३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. बॅकअप नेमका कुठे ठेवला जातो, हे सेवा विकत घेतानाच विचारून लेखी घेतले पाहिजे, हा त्याचा अर्थ.

यासाठी जगभर ‘३-२-१’ हा ठोकताळा वापरला जातो. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो लोकप्रिय केला. डेटाच्या एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातील एक दुसऱ्या ठिकाणी. दुसरे ठिकाण म्हणजे वरचा मजला नव्हे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा वेळी दुकान आणि त्याच गल्लीतले घर एकाच पुरात सापडते. एक प्रत पुराच्या पट्ट्याबाहेरील शाखेत किंवा क्लाउडवर असणे म्हणूनच गरजेचे ठरते.

रॅन्समवेअरने चित्र कसे बदलले?

आग किंवा पूर बॅकअप शोधत येत नाही. रॅन्समवेअर वापरणारे हल्लेखोर येतात. ते आधी बॅकअपपर्यंत पोहोचतात, तो निकामी करतात आणि मगच मूळ डेटा कुलूपबंद करून खंडणी मागतात. सर्व्हरला कायम जोडून ठेवलेली यूएसबी डिस्क त्यांच्यासाठी आणखी एक फोल्डर असते. त्यामुळे ‘३-२-१’मध्ये आता आणखी एका अटीची भर पडली आहे. एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे तुटलेली किंवा ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाच बदलता-पुसता येणार नाही अशी हवी.

दिल्लीतील ‘एम्स’वर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असा हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा बाधित झाला. नोंदणी, दाखल करणे, घरी सोडणे ही कामे कागदावर करावी लागली. ई-हॉस्पिटलचा डेटा मात्र हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाला. डेटा मिळूनही बहुतेक कामे संगणकावर यायला दोन आठवडे लागले.

जून २०१७ मधील ‘नॉटपेट्या’ हल्ल्याची झळ थेट नवी मुंबईला बसली होती. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या यंत्रणा बंद पडल्याने जेएनपीटीमधील त्यांच्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. मर्स्ककडे अनेक सर्व्हरचे बॅकअप होते. पण कोणाला कुठे प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या ‘डोमेन कंट्रोलर’चा वेगळा बॅकअप नव्हता. असे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत होते, म्हणून ते सुरक्षित मानले गेले होते. हल्ल्यात ते एकत्रच पुसले गेले. घानामधील एक सर्व्हर तेवढा वाचला, तोही हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून. तिथून इंटरनेटने डेटा पाठवायला फार दिवस लागले असते. त्यामुळे डिस्क माणसाबरोबर विमानाने पाठवावी लागली. त्यानंतर दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभारल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितले होते.

आरपीओ आणि आरटीओ म्हणजे काय?

आरटीओ म्हटले की आपल्याकडे परिवहन कार्यालय आठवते. इथे त्याचा अर्थ वेगळा. सर्व्हर बंद पडल्यापासून काम पुन्हा सुरू होईपर्यंत जास्तीत जास्त किती वेळ परवडेल, तो आरटीओ. किती वेळातला डेटा गेला तरी चालेल, तो आरपीओ. हे दोन आकडे तंत्रज्ञाने नव्हे, तर मालकाने ठरवायचे असतात. कारण ते कमी करायचे तर खर्च वाढतो.

समजा, एका वितरकाकडे बॅकअप रोज रात्री ११ वाजता होतो आणि सर्व्हर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद पडला. दिवसभराची सारी बिले गेली. बिलांच्या छापील प्रती असतील, तर रात्री बसून ती पुन्हा भरता येतील. ऑनलाइन मागणी घेणाऱ्याकडे मात्र कागद नसतो. त्याला दर तासाला किंवा त्याहून कमी वेळाने बॅकअप लागेल.

वेळेचे गणित अनेकांना चकवते. २ टेराबाइट डेटा क्लाउडवर आहे आणि कार्यालयात १०० एमबीपीएसचे इंटरनेट आहे. पूर्ण वेग सलग मिळाला तरी तो उतरवायला सुमारे ४४ तास लागतात. म्हणजे जवळपास दोन दिवस. तोच डेटा सेकंदाला १०० एमबी वेगाने चालणाऱ्या डिस्कवर असेल, तर साडेपाच तासांत परत येतो. म्हणूनच रोजच्या चुकांसाठी जवळ एक प्रत आणि मोठ्या संकटासाठी दूर एक प्रत, अशी जोडी लागते. मालकाला चार तासांत काम सुरू हवे असेल आणि बॅकअप फक्त क्लाउडवर असेल, तर ती योजना पहिल्याच दिवशी फसलेली असते.

सर्व्हर बंद पडला, तर पहिल्या तासात काय करावे?

आधी बिघाड कशाचा आहे ते ओळखावे. वीज, डिस्क, सॉफ्टवेअर, मानवी चूक की हल्ला? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. घाईने फॉरमॅट करून नवी प्रणाली बसवणे, ही सर्वात महागात पडणारी चूक. जुन्या डिस्कवर काहीच लिहू नये. शक्य असल्यास तिची जशीच्या तशी प्रत काढून काम त्या प्रतीवर करावे. डिस्क खडखडत असेल, तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये.

हल्ल्याचा संशय असेल तर सर्व्हर आणि संगणकांची नेटवर्क केबल काढावी, वायफाय बंद करावे. बॅकअपची डिस्क बाधित सर्व्हरला चुकूनही लावू नये. हल्लेखोर कधी घुसले, हे शोधून त्याआधीचा बॅकअप निवडावा लागतो. म्हणून फक्त कालची प्रत पुरत नाही. काही आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या प्रतीही ठेवाव्यात. स्वच्छ यंत्रावर नव्याने प्रणाली बसवून, सर्व पासवर्ड बदलून मगच डेटा आणावा.

सर्व्हर उभे करण्याचा क्रमही आधी ठरलेला हवा. प्रथम नेटवर्क आणि वापरकर्त्यांची ओळख पटवणारा सर्व्हर, मग डेटाबेस, त्यानंतर बिलिंग किंवा इतर सॉफ्टवेअर. हा क्रम, विक्रेत्यांचे दूरध्वनी क्रमांक, परवान्यांची माहिती आणि निर्णय कोणी घ्यायचा हे सारे छापील कागदावर असावे. पासवर्ड लिफाफ्यात बंद करून कुलुपात ठेवावेत. बंद सर्व्हरमधली पीडीएफ त्या दिवशी कोणालाच उघडता येत नाही.

भारतात नियम काय सांगतात?

कंपनी कायद्याखालील हिशेब नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबवह्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवावे लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, असे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ग्राहकांच्या डेटाच्या सुरक्षेसाठीच्या किमान उपायांत त्यांनी बॅकअपचाही उल्लेख केला आहे. या तरतुदी १८ महिन्यांनी लागू होणार असून, पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे.

शेअर बाजारांसाठी ‘सेबी’चे निकष अधिक कडक आहेत. आपत्ती जाहीर झाल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू झाले पाहिजे आणि १५ मिनिटांपेक्षा जास्त डेटा जाता कामा नये, असे ते सांगतात.

तयारी पुरेशी आहे, हे कसे कळणार?

त्याचे उत्तर मुंबईनेच पाहिले आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० च्या सुमारास थांबले आणि दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू झाले. पर्यायी केंद्र होते. पण व्यवहार तिकडे वळवले गेले नाहीत. ते का वळवले नाहीत, याचा खुलासा ‘सेबी’ने मागितला. आपत्ती ३० मिनिटांत जाहीर करण्याची आणि ४५ मिनिटांची अट त्यानंतर महिन्याभरात आली. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, बाजाराने विशेष सत्र भरवले. त्यात मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर जाण्याचा सराव खऱ्याखुऱ्या व्यवहारांसह करण्यात आला.

लहान व्यवसायाला एवढा मोठा सराव नको. महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादी फाइल परत आणून उघडावी. तीन महिन्यांतून एकदा पूर्ण बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवावा. हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर सुरू करून कालची शिल्लक जुळते का ते पाहावे आणि घड्याळ लावून एकूण किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. सर्व्हर सांभाळणारा नेहमीचा माणूस रजेवर असताना हा सराव केला, तर कागदावरची टिपणे पुरेशी आहेत का तेही समजते. मालकाने ठरवलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागला, तर आणखी एक जवळची डिस्क, वेगवान इंटरनेट किंवा तयार ठेवलेला दुसरा सर्व्हर यांपैकी कशावर पैसे खर्च करायचे, याचा निर्णय त्या आकड्यावरून घेता येतो.